काज

(सदाशिव पेठेतलं शिंप्याचं दुकान. काज-बटण करणाऱ्या सुवार्ताबाई आणि मराठीचे निवृत्त शिक्षक दीनानाथ सर.)

दीनानाथ : फुकट देतोय तर प्रश्न कसले विचारता? सहा शर्ट आहेत. कुणालाही देऊन टाका.

सुवार्ताबाई : अहो सर, हा निळा मागच्या दिवाळीचा. काजं मीच केलीत. उसवला कुठं?

दीनानाथ : उसवला नाही. मला आता झब्बे बरे वाटतात. डोक्यातून घातला की झालं. चौकशी संपली?

सुवार्ताबाई : अंगातल्या शर्टाचं दुसरं बटण तिसऱ्या काजात गेलंय.

दीनानाथ : ठाऊक आहे. भिकारदास मारुतीच्या देवळापासून तसाच चालत आलो. कुणी बोललं नाही. पुण्यात हेही घडतं.

सुवार्ताबाई : हात दाखवा बघू.

दीनानाथ : भविष्य सांगताय? थरथरतात, झालं. डॉक्टर म्हणतात, हे राहणारच. एका बटणाला दहा मिनिटं लागतात. परवा नीरजानं लावून दिली. सून गुणी आहे हो माझी. पण आयुष्यभर पोरांवर ओरडलो, "वरचं बटण लाव," आणि आता माझी बटणं सून लावते. लाज वाटते.

सुवार्ताबाई : उद्या तुमचा सत्कार ना? तो तुमचा विद्यार्थी, सुदर्शन, इथंच जाकीट शिवून गेला. सर येणार म्हणून नुसता नाचत होता.

दीनानाथ : ताप आलाय म्हणून कळवणार आहे त्याला.

सुवार्ताबाई : कधी आला?

दीनानाथ : उद्या येईल.

सुवार्ताबाई : बसा तिथं. निळा द्या इकडं.

दीनानाथ : मला दया नकोय.

सुवार्ताबाई : दया कसली मेली? काम आहे माझं! बटणं काढून काजावरच शिवते. आतून चपलेला असते तशी चिकटपट्टी. तळहातानं दाबलं की शर्ट बंद. बघणाऱ्याला बटणंच दिसणार.

दीनानाथ : काजं बुजतील की. हातानं केलेली.

सुवार्ताबाई : बुजू देत. काज शर्टासाठी आणि शर्ट माणसासाठी.

दीनानाथ : ...ओठ का हलताहेत? टाके मोजताय?

सुवार्ताबाई : प्रार्थना करतेय. एका बटणाला एक.

दीनानाथ : कुणासाठी?

सुवार्ताबाई : घालणाऱ्यासाठी. नाव ठाऊक असलं तर नाव घेते. नाहीतर म्हणते, "प्रभू, ह्या छत्तीस इंच छातीला सांभाळ."

दीनानाथ : म्हणजे इतकी वर्षं माझ्या छातीवर...

सुवार्ताबाई : एका शर्टाला सात. हसू नका.

दीनानाथ : हसत नाहीये.

सुवार्ताबाई : आमचे हे गेले तेव्हा चर्चमध्ये बसलं की नुसतं रडू यायचं. प्रार्थना येईना. इथं सुई धरली आणि आपोआप आली. आता पाळकसाहेब मागं लागलेत, रविवारी साक्ष द्या. देवानं आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांपुढं उभं राहून सांगायचं. कुणाचा आजार बरा होतो, कुणाची दारू सुटते. मी काय सांगू? बावीस वर्षं काजं केली? नाही म्हणून कळवणारेय.

दीनानाथ : ताप आलाय म्हणून?

सुवार्ताबाई : तुम्ही पण ना, सर! घ्या, घालून बघा. मी तोंड फिरवते.

दीनानाथ : ...सुवार्ताबाई.

सुवार्ताबाई : काय झालं? अडकलं?

दीनानाथ : लागला. माझा मी लावला. वळा, बघा.

सुवार्ताबाई : अगं बाई! नवरदेव दिसताय!

दीनानाथ : आगाऊपणा पुरे. खरं सांगू? चाळीस वर्षं शिकवलं, पण इतकं मन लावून एकही तास घेतला नसेल मी. तुमच्यापुढं हात जोडावेसे वाटतात.

सुवार्ताबाई : जोडू नका, सत्काराला जा.

दीनानाथ : जातो. पण रविवारी तुम्ही उभं राहायचं.

सुवार्ताबाई : आणि बोलू काय?

दीनानाथ : मराठीत काज दोन आहेत. एक बटणाचं, दुसरं कामाचं. "मी देवाचं काज करते," एवढंच म्हणा आणि खाली बसा.

सुवार्ताबाई : लोकांना त्यातलं कुठलं कळेल?

दीनानाथ : कुठलंही कळलं तरी खरंच आहे. बरं, ते पाच शर्ट द्या परत. मी घरी नेतो.

सुवार्ताबाई : राहू देत इथं, सर. पस्तीस बटणं आहेत अजून.