सुई कोणाकडं फिरती

—न्हाई न्हाई, उठू नका शिवप्पाबाबा, चहा घ्या आधी. आत्याबाई निंबू आणायला गेल्यात, अन् एकदा नागाबाईच्या ओट्यावर टेकल्या की त्यांना घर आठवत न्हाई — सासूला आत्याबाई म्हणते मी, आमच्या किल्लारीकडं तसंच हाय. हे शेतात. देविदासभावजी डीजे घेऊन कंधारला, कोण्या पुढाऱ्याचा वाढदिवस हाय म्हणं. काय बघून राहिलात? नवी सून बोलती कशी? बोलते की. कोणी विचारलं न्हाई इतके दिवस, तर काय भिंतीशी बोलू?

मागं तुम्ही आलता तेव्हा मी इथंच बसले होते, डोक्यावर पदर घेऊन. लग्नाची हळद अंगावर होती अजून, तेवढ्यात परसातल्या दोन मधपेट्या रिकाम्या झाल्या — बाहेर गेलेल्या माशा घरी येईनात — अन् आत्याबाईंनी गल्लीभर केलं, नवरीचा पायगुण. मग तुमची ती पितळेची परात, परातीत पाणी, पाण्यावर पिंपळाचं पान, पानावर सुई. बायका गोल बसवल्या. सुई फिरली, फिरली, अन् माझ्याकडं तोंड करून थांबली. काय म्हणालात तुम्ही? अजून एक पेटी उठली, रिकामी झाली, तर हिला माहेरी नेऊन सोडा. वैजनाथ बाजूलाच होते. नवरा माझा. परातीतच बघत बसले, मान काही वर झाली न्हाई.

पण मला दिसत होतं ना. माझ्याच वरातीचा डीजे — त्याचे ते कपाटाएवढे स्पीकर — भावजींनी आणून पेट्यांना टेकवून ठेवले होते, सावली हाय म्हणून. स्पीकर कोणाच्या लग्नाच्या सुपारीला गेले की माशा नीट घरी येतात, परत आले की भलत्याच पेटीपुढं घिरट्या. लातूरला कॉलेजात सरांनी शिकवलं होतं — माशीच्या पोटात लोखंडाचे बारीक कण असतात, जमिनीचं चुंबक कळतं तिला, त्यावरून दिशा धरती. जवळ मोठं चुंबक आणलं की तिची दिशा चुकती. अन् स्पीकरमध्ये काय असतं? चुंबकच. गाणं बंद असलं तरी ते थोडंच झोपतं? सांगितलं मी. हे म्हणाले, लोक हसतील. आत्याबाई म्हणाल्या, शिकलेली सून आणली, आता माशांची पण शाळा घेती.

म्हटलं, घेऊ की.

आखाड लागला, नवी सून माहेरी जाती, मीही निघाले. आत्याबाईंनी पिशवी भरतानाच सुनावलं — राहा निवांत, आणायची घाई न्हाई आम्हाला. कळलं मला ते. मग भावजींच्या फुटक्या स्पीकरची तीन चुंबकं पडली होती कोपऱ्यात, ती आत्याबाईंच्या लाडक्या पेट्यांखाली कोणी ठेवली असली — असली म्हणते मी, असली तर — बरं, मीच ठेवली. ऐकलंच आता तुम्ही. त्या पेट्यांना हात लावायचा मान त्यांचाच, साखरपाणी त्याच घालणार, हळदकुंकू त्याच वाहणार. आखाडभर मी किल्लारीत, अन् इकडं तीन पेट्या उठल्या. आता पायगुण कोणाचा काढतील?

माझाच. म्हणून तर तुम्हाला बोलावलं आज. म्हणं हिची सावली राहिली घरात.

माशांचं वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू. आल्यावर बघितलं — दार समोर असून सापडत न्हाई त्यांना, दमतात, खाली पडतात, मुंग्या ओढून नेतात. बघवत न्हाई. काल काढली मी चुंबकं. आज उरलेल्या दोन पेट्यांवर जरा ये-जा दिसून राहिली.

चुंबकं कुठं हायत? सांगते की. आधी हे सांगा, मघाशी पाण्याचा तांब्या दिला तेव्हा माझ्या बांगडीतली पिन तुमच्या अंगठीला कशी चिकटली? तुम्ही झटकली लगेच. म्हणूनच तर बघितली मी. चांदीला पिन चिकटत न्हाई, बाबा. मागच्या वेळी परातीच्या कडेला तुमचा हाच हात होता — माझ्या बाजूला. आता कळलं सुई माझ्याकडंच का थांबली.

न्हाई, घाबरू नका, मी कोणाला सांगत न्हाई. अंगठी पण राहू द्या बोटात. तिचं काही चालायचं न्हाई आज — तो मधला पाट दिसतो ना, परातीला लागून मांडलेला, त्याखाली हायत तिन्ही. सुई तिकडंच जाईल. तुम्ही फक्त तुमचाच शब्द बोलायचा, जिच्याकडं सुई, तिला माहेरी सोडा. आत्याबाईंचं माहेर देगलूरला. भावजयीशी बोलणं बंद हाय त्यांचं, लई वर्षं झाली. अन् जाता जाता सांगा, ते स्पीकर परसातून हलवा, दोष जाईल — माझं ऐकलं न्हाई, तुमचं ऐकतील.

चप्पल वाजली. चहा संपवा. गल्लीतल्या बायका पण आणल्यात वाटतं, बरं झालं.

या आत्याबाई. बाबा कधीचे थांबलेत. न्हाई, तिथं कशाला, खाली? — इथं बसा, मधल्या पाटावर. तुमच्यासाठीच मांडलाय.