पंधरा ऑक्टोबरची पेशी

दिनांक ४ ऑगस्ट २०२५, दुपारी १२ वाजून १० मिनिटे

नाव: सुनंदा पांडुरंग महाजन, वय ५४ वर्षे, काम अंगणवाडी मदतनीस, राहणार तुकईथड, जि. बुऱ्हाणपूर, मध्य प्रदेश.

पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की, मी वरील गावी एकटी राहते. पती पांडुरंग वारले त्याला अकरा वर्षे झाली. मला दोन मुली. थोरली सायली, वय २८, बुऱ्हाणपूर शहरात शनवाऱ्यात राहते. धाकटी पूजा, वय २५, तिचे सासर रावेरकडे आहे. मला हिंदी समजते, पण जबाब मराठीत देत आहे. लिहून घेणारे हवालदार साहेब आमच्याच बोलीचे आहेत.

सायलीचा पहिला नवरा योगेंद्र उखर्डू पाटील याने २१ जुलै रोजी इथे अर्ज दिला आहे. घटस्फोट झाला नाही हे माहीत असून सायलीने दुसरे लग्न लावले, असे त्यात लिहिले आहे. सायलीला माहीत होते की नव्हते, एवढेच विचारायचे आहे असे साहेब म्हणाले. एवढेच सांगून होणार नाही, म्हणून पहिल्यापासून सांगते.

सायलीचे योगेंद्रशी लग्न मे २०१७ मध्ये झाले. मारहाण नव्हती, दारू नव्हती. पटले नाही. कारण काय, असे साहेबांनी विचारले. तिने मला सांगितले नाही आणि मी खोदून विचारले नाही. दहा महिन्यांनी ती एक बॅग घेऊन परत आली. दोन्ही घरच्यांच्या राजीखुशीने बुऱ्हाणपूरच्या कोर्टात अर्ज लावला. ९ एप्रिल २०१९ रोजी दोघांनी जजसाहेबांपुढे सह्या केल्या. त्याच दिवशी विहीणबाई आशाबाईंनी आमची भांडी आणि कपाट परत दिले, आम्ही त्यांचे मंगळसूत्र परत दिले. कोर्टाबाहेर सगळ्यांनी उसाचा रस घेतला. आशाबाई म्हणाल्या, "आपलं तोंड वाकडं नको व्हायले, बाई." मीही हो म्हटले.

फेब्रुवारी २०२१ मध्ये सायलीचे दुसरे लग्न धर्मेंद्र यांच्याशी झाले. ते पावरलूमवर मिस्त्री आहेत. घरातल्या घरात लग्न लावले. त्यांना मुलगी आहे, भूमिका, वय साडेतीन.

यंदा भूमिकेला शाळेत घालायचे होते. शाळेने समग्र आयडी, म्हणजे कुटुंबाच्या सरकारी नोंदीचा नंबर, मागितला. सायलीचे नाव अजून योगेंद्रच्या घरच्या आयडीत असल्याने भूमिकेचे नाव धर्मेंद्र यांच्या आयडीत चढेना. योगेंद्रकडच्या पंचायतीचे सचिव म्हणाले, कोर्टाच्या हुकमाची नक्कल आणा, लगेच नाव काढतो.

१६ जून रोजी मी आणि सायली कोर्टात नक्कल मागायला गेलो. भूमिका सोबत होती. नक्कल देणारा बाबू चांगला माणूस होता, बसायला स्टूल दिले. म्हणाला, "माताजी, केस नंबर है तो दो-चार दिन, नहीं तो पुराना रजिस्टर ढूंढना पड़ेगा, महीना लग जाएगा." शाळेची मुदत तीस जूनपर्यंत होती. सायली मला म्हणाली, "माय, वकिलानं तुले एक चिठ्ठी देली होती ना? तिच्यावर नंबर असंल." मी म्हटले, "कुठची चिठ्ठी? मले नाही देली." वकील साहेब आता हयात नाहीत. त्यामुळे त्यांना विचारणे झाले नाही.

१८ जून रोजी मी एकटी आशाबाईंच्या घरी गेले. सहा वर्षांनी गेले. आमच्या घरच्या केळीची एक फणी नेली होती. आशाबाईंनी चहा केला. योगेंद्र घरीच होता. त्याने पेटी उघडून कागद शोधला, नंबर स्वतःच्या हाताने लिहून दिला. वर म्हणाला, "मामी, माझंबी आता जमून राह्यलं. पोरीवाले कागद मांगतात. मीबी एक नक्कल काढून घेतो." मी म्हटले, काढ बाबा.

२५ जून रोजी नक्कल मिळाली. त्याची आणि आमची एकाच दिवशी. खिडकीपाशी आम्ही तिघे आणि भूमिका. भूमिका सायलीच्या कडेवर होती. सायलीने कागद वाचला, परत वाचला आणि बाबूपुढे धरला. बाबू म्हणाला, "तलाक तो हुआ ही नहीं. दूसरी पेशी पर दोनों नहीं आए. प्रकरण खारिज." त्याने बोट ठेवून दाखवले. १५ ऑक्टोबर २०१९, उभय पक्ष अनुपस्थित. सायली त्याला म्हणाली, "भैया, दूसरी पेशी कौन सी?" बाबूने माझ्याकडे पाहिले. योगेंद्रने कागदाची घडी केली आणि निघून गेला. त्याची ठरत आलेली सोयरीक नंतर मोडली असे मी ऐकले.

त्या दिवसापासून जावई धर्मेंद्र घरात बोलत नाहीत. वेळेवर येतात, ताटात वाढलेले जेवतात, भूमिकेला फिरवून आणतात. सायलीला जा म्हणाले नाहीत, राहा म्हणाले नाहीत. शाळेची मुदत निघून गेली. हे लिहायची गरज नाही, असे साहेब म्हणाले. मी म्हटले, लिहा.

आता पुढचे सांगते. हे मी आजवर कुणाला सांगितले नाही.

वकिलांनी चिठ्ठी दिली होती. ९ एप्रिललाच दिली, रसाच्या गाडीपाशी. सायली तेव्हा रिक्षात जाऊन बसली होती, चिठ्ठी देताना तिने लांबून पाहिले, बोलणे ऐकले नाही. सहा महिन्यांनी दोघांना परत उभे राहावे लागते, त्याशिवाय काम पुरे होत नाही, असे वकील मला म्हणाले होते. चिठ्ठीवर केस नंबर आणि पेशीची, म्हणजे परत उभे राहायची, तारीख आहे. ती मी देव्हाऱ्यातल्या फोटोच्या मागे ठेवली.

१५ ऑक्टोबरला मंगळवार होता. त्याच दिवशी पूजाला पाहायला रावेरचे पाहुणे यायचे होते. त्यांना मी सायली माहेरपणाला आली आहे असे सांगितले होते. आम्ही कोर्टात गेलो असतो तर गावातल्या कुणी ना कुणी पाहिले असते, आणि रावेर काही लांब नाही. घरात नवऱ्यापासून सुटलेली पोरगी आहे म्हटल्यावर पूजाचे अडले असते असे मला वाटले. मी आदल्या दिवशी सायलीला सांगितले की वकिलाचा फोन आला होता, तुझे काम झाले, आता जायची गरज नाही. असा फोन आला नव्हता. ती म्हणाली, "बरं झालं, माय," आणि पोहे भिजवायला घेतले. पाहुण्यांना ताट तिनेच नेऊन दिले. पूजाचे लग्न जमले.

योगेंद्र त्या दिवशी का गेला नाही ते मला माहीत नाही. तो गेला असता तरी सायलीशिवाय काम झालेच नसते. मला वाटत राहिले की सह्या झाल्या आहेत, वस्तू परत झाल्या आहेत, कोर्ट आपोआप शिक्का मारेल. असे मी स्वतःला समजावले. धर्मेंद्र यांचे स्थळ आले तेव्हा त्यांच्या वडिलांनी मला विचारले, कोर्टाचे सगळे झाले ना. मी हो म्हटले. सायली शेजारीच बसली होती. तिनेही हो म्हटले, कारण मी तिला तेच सांगितले होते.

१६ जूनला चिठ्ठी घरातच होती. ती काढली असती तर सायलीने तारीख वाचली असती. म्हणून मी आशाबाईंच्या दारी गेले. गेले नसते तर योगेंद्र नक्कल काढायला आलाच नसता. नंबर मला फोटोच्या मागे हात घालून मिळाला असता.

सदर चिठ्ठी आज हजर करीत आहे. तिला एका कोपऱ्याला कुंकू लागले आहे, बाकी वाचता येते. सायलीला दुसऱ्या पेशीची काही कल्पना नव्हती. चूक आहे ती माझी आहे. माझ्यावर जे कलम लागत असेल ते लावावे. तिच्यावर लावू नये.

हा जबाब मी शुद्धीत, कुणाच्या दबावाशिवाय दिला आहे. सायली भूमिकेला घेऊन बाहेर बाकावर बसली आहे आणि दाराला नुसता पडदा आहे, म्हणून जबाब वाचून दाखवताना साहेबांना मी हळू आवाजात वाचायला सांगितले. चिठ्ठीपासून पुढचे त्यांनी मोठ्याने वाचले नाही. कागद माझ्या हातात दिला, तो मी मनात वाचला. याची नक्कल सायलीला मिळू शकते का, असे मी विचारले. तिने अर्ज केला तर मिळेल, असे साहेबांनी सांगितले. ते मला समजले. लिहिले आहे ते माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.

सही: सुनंदा पांडुरंग महाजन