बांधाखालचं लोखंड

ठाऊक नाही, एवढं म्हणायला काय जातं हो माणसाचं? दोन शब्द. पण नाही... आमच्या जामसर गावात एकाच्याही तोंडून ते निघाले नाहीत, आणि त्यापायी माझा राब जाणार होता, तुम्हाला सांगतो, पाला, शेण, गवत थरावर थर रचून भाजलेला राब, वर मऊ राख, आता मृगाचा शिडकावा झाला की त्या राखेत भाताचं बी टाकायचं, आणि नेमका तेव्हाच बांधाचा दगड ढासळला आणि खाली हे सापडलं.

हे म्हणजे काय? हातभर लांब दोन लोखंडी दांडे, एका टोकाला खिळ्यानं जोडलेले. उघडतात, मिटतात. धार नाही, दात नाहीत. शेजारच्या पोश्याला दाखवलं. तो म्हणाला, "निखारे उचलायचा चिमटा." एवढ्या चिमट्यानं उचलायचा तर निखारा भोपळ्याएवढा पाहिजे. सोम्या सुतार म्हणाला, "चाक धरायचं." कुठलं चाक? "पूर्वीचं." पूर्वीचं म्हटलं की संपलं, पूर्वीचा कोण येतोय विचारायला? ठाऊक नाही, एवढं म्हणा की...

पण जव्हारहून तट्टावर बसून एक कारकून गावात आलेला, अनंतराव, सागाची झाडं मोजायला. त्यानं ते लोखंड रुमालावर ठेवलं, नाकाशी नेलं, चक्क वास घेतला, आणि म्हणाला, "बाबा, हे शस्त्र आहे. शत्रूची मान पकडण्याचं." मी म्हटलं, मान अडकेपर्यंत शत्रू उभा राहील होय? तर म्हणतो, "तुम्हाला नाही कळायचं. एक आहे तिथे शंभर असणार. उद्या वीस माणसं लावून हा तुकडा कमरेइतका खणतो."

हा तुकडा म्हणजे माझा राब. राख मातीत गाडली की रोप नाही, रोप नाही तर लावणी नाही, मग घरातल्या सात तोंडांनी काय शस्त्रं खायची?

आणि मी तरी काय केलं? लपवत नाही. अनंतरावानं विचारलं, "तुमच्या घराण्यात कोणी लढणारे होते?" आणि माझी मान आपोआप ताठ झाली. म्हटलं, आजा होता, ढवळू, भाला घेऊन जव्हारच्या महाराजांच्या घोड्यापुढे धावायचा. कोणी सांगितलं मला? कोणीच नाही. ठाऊक नाही, एवढं म्हणायचं, तर मीही...

सकाळी वीस कुदळी हजर. सगळा गाव गोळा. तेवढ्यात म्हातारी पारू मोळी घेऊन चाललेली, थांबली. मोळी उतरवली, लोखंड घेतलं, उघडलं, मिटलं.

"बैल बडवायचं हाय हे," म्हणाली.

खोंडाला नांगराला जुंपण्याआधी बडवतात, म्हणजे त्याचं अंड ठेचतात, मग तो गाईच्या मागे लागत नाही, ते काम. आता गावात दोन काठ्यांत धरून करतात, म्हणून लोखंडाचं कोणी पाहिलेलं नव्हतं.

"तुझ्या आजाचं, माघ्या. माझा बापूस त्याच्याच हाताखाली शिकला. तू जन्मलास, तवा नातवाला पाप नको म्हणून ढवळूबाबानं हितं पुरलं. दगड ढकलायला मी होते."

हे काम करणाऱ्याला आमच्यात लग्नात हळद लावू देत नाहीत. आणि पारूच्या बापाला माझ्याच हळदीतून मीच उठवलं होतं. तिनं तो विषय काढला नाही. लोखंड तेवढं अनंतरावाच्या हातात परत दिलं.

अनंतराव म्हणाला, "म्हातारीचं काय ऐकायचं? बाबा, तुम्ही सांगा. आजोबा भाला घेऊन धावत होते ना?"

वीस कुदळी वर. मी राबाकडे पाहिलं.

"बैल बडवायचा," मी म्हटलं. "आजा माझा बैल बडवायचा."

अनंतरावानं लोखंड टाकलं, हात धोतराला पुसला, मग नाक पुसलं, किती वेळ पुसलं विचारू नका, आणि तट्टावर बसून गेला.

राब वाचला. रोप वीतभर आलंय, हिरवंगार, दृष्ट लागेल असं. पण बातमी पार दाभोसा गावापर्यंत गेली. ढवळूचा नातू आहे, हत्यारही घरचं... मला हे येत नाही, म्हटलं, तर म्हणतात, "रक्तात असतं ते." आज सकाळपासून दारात तीन खोंड बांधलेत. मालक बांधून निघूनही गेले. मी ओट्यावर बसलोय, आणि तिन्ही खोंड माझ्याकडेच बघताहेत.