मधून पेटली पाहिजे

...आणि वर मलाच विचारतो, "मास्तर, तार गुंडाळता येत नाही तुम्हाला?" मला! आमच्या पेरेइरा शहरातल्या निम्म्या नवरदेवांच्या पँटी ज्यानं शिवल्या, ज्याची हयात बॉबिनी भरण्यात गेली, त्याला समोरच्या दुकानातला हा दाढीवाला दुवान तार गुंडाळायला शिकवणार! तुम्हाला सांगतो, सिगारेट किती सोपी होती... काडी लावली, ओढली, खोकलो, झालं. पण नुबियानं जाता जाता हात धरून वदवून घेतलं, सोडीन म्हणून. आता गेलेल्या बायकोशी घासाघीस कशी करायची? आणि वरच्या मजल्यावर तिची बहीण आंपारो. मी जिन्यात पाऊल टाकलं की शर्टाचा वास घेते आणि नुसती बघते. बोलली असती तर भांडलो तरी असतो!

म्हणून दुवानला म्हटलं, वाफ ओढायचं ते यंत्र दे बाबा. दिलं, पण म्हणतो कसा, "तयार कॉइल अडाणी लोक घेतात, मास्तर. तुम्ही कारागीर, स्वतः वळा. एकच लक्षात ठेवा, मधून पेटली पाहिजे, दोन्हीकडे सारखी पसरली पाहिजे." प्रवचनच! दुकानात ढग सोडत बसलेल्या रिकामटेकड्यांनी माना डोलावल्या.

आता कॉइल म्हणजे काय हो? एवढीशी तार सळईवर स्प्रिंगसारखी वळायची, दोन्ही टोकं स्क्रूखाली आवळायची, बटण दाबलं की ती लाल होते, तिच्या पोटात कापूस, कापसात रस, रसाची वाफ. बस्स! तर माझ्या पहिल्या कॉइलचं पोट काळं ठिक्कर आणि स्क्रूकडे जाणारे पाय तेवढे लालभडक. "पाय एवढे लांब कशाला ठेवले?" अहो कशाला म्हणजे? माया नको ठेवायला? उद्या गिऱ्हाईक जाड झालं तर? शिवणीला माया सोडल्याशिवाय माझी कात्री चालतच नाही! दुवान म्हणाला, "ही जाड होत नाही, मास्तर. तार अगदी स्क्रूच्या खांबाला भिडवा." भिडवली. जिवावर आलं, पण भिडवली.

मग काय, एकच वेढा आधी लाल. का? तर वेढे एकमेकांना नीट चिकटलेले नाहीत. चिमट्यानं दाबायला गेलो तर दुवान रस्ता ओलांडून अंगावर आला, बटण चालू असताना लोखंडी चिमटा लावतात का, चिनी मातीच्या टोकांचा घ्या! घेतला. मग म्हणे स्क्रूड्रायव्हरनं वरून हळूच खाजवा, गिटार छेडल्यासारखं... पुन्हा बटण, पुन्हा खाजवा... तिकडे तिंतो, माझी काळी कॉफी, गार, गिऱ्हाईकाची पँट एका पायाची, आणि मी तारेत डोकं घालून बघतोय, मधून पेटते का, दोन्हीकडे सारखी पसरते का!

आंपारो मक्याच्या भाकरीसारखा अरेपा घेऊन खाली आली. "भाऊजी, ते ओढायचं असतं ना? तुम्ही तर नुसतं बघत बसता."

म्हटलं, तुला नाही कळायचं, मधून पेटली पाहिजे...

"माहीत आहे. दोन्हीकडे सारखी." आणि गेली वर.

आणि परवा, तुम्हाला सांगतो, पेटली! आधी मधला वेढा केशरी, मग त्याच्या शेजारचे, मग कडेचे... एक डाग नाही, एक घाई नाही. मी आतल्या खोलीकडे वळून नुबियाला हाक मारायला तोंड उघडलं... आणि तसंच मिटलं.

कापूस ओवला. रस घातला. झाकण लावलं. झालं की सगळं! आता करायचं काय? हात रिकामे. आणि माझे रिकामे हात कुठे जातात, ठाऊक आहे? वरच्या खिशाकडे. गेलेच! तेव्हा ध्यानात आलं, अहो, तारेत डोकं घातल्यापासून खिशातलं सिगारेटचं पाकीट फोडलेलंच नाही. आणि यंत्र? तेही एकदासुद्धा ओढलेलं नाही!

मी झाकण काढलं, स्क्रू सैल केले आणि कॉइल उसवली.

दारात उभ्या दुवानचा जीव कळवळला. "मास्तर, इतकी सुरेख पेटत होती की हो!"

संध्याकाळी जिन्यात आंपारोनं शर्टाचा वास घेतला. पुन्हा घेतला. मग म्हणाली, "कसलाच वास येत नाही." आणि पहिल्यांदाच माझ्याकडे न बघता वर गेली.

आज सकाळी नवीन वळायला बसलो. पाय चांगले लांब ठेवलेत. आता बघतो दिवसभर, मधून का पेटत नाही ते.