अध्यक्षांसाठी शाल

धारगळच्या बसथांब्यावर धाकूंच्या मागच्या बाकावर मावशी-भाची बोलत होत्या.

"सिद्धी, काल बिनबाह्यांचा कुडता बघून तुला देवळाच्या दारातून परत धाडलं. आज पुन्हा तोच?"

"आज देवीची ओटी भरूनच येणार, मावशी."

"समितीचे अध्यक्ष म्हणतात, बायकांचे दंड दिसले की भक्तांचं चित्त ढळतं."

"आणि ते स्वतः सोवळं नेसून उघड्या अंगानं देवळात फिरतात. माझं चित्त ढळत नसेल?"

"अगो बाय! त्या पोटाकडे बघून?"

"ढळतं म्हणून चारचौघांत सांगणार. त्यांना पांघरायला ही शाल घेतलीय."

"बघू. ही पातळ आहे गो, सगळं आरपार दिसेल. वाटेत घोंगडीच घेऊ."

धाकूंनी हळूच शर्टाचं वरचं बटण लावलं.