तीस दिवस कोणी ओरडलं नाही

—निष्काळजीपणा हा शब्द तुमचा, साहेब, माझा नाही. मी एवढंच म्हटलं की बाईंना नोटीस तीनदा गेली, तीनदा उत्तर आलं नाही, आणि ज्याला आपल्या वस्तूची काळजी असते तो निदान एकदा तरी उत्तर देतो. यात न समजण्यासारखं काय आहे? बसा. नाहीतर उभे राहा, तुमची मर्जी — पण त्या खोक्यांना टेकू नका, मोजून लावलीत ती. एकशे बारा परत आलेले लॅपटॉप आहेत त्यात, प्रत्येकावर स्टिकर, स्टिकरवर नंबर, आणि तुमच्या कोपरानं रांग हलली तर मला पुन्हा पहिल्यापासून — हसलात तुम्ही. हसा. सगळेच हसतात. या खोलीला कंपनीत काय म्हणतात ठाऊक आहे? वृद्धाश्रम. लॅपटॉपांचा की माझा, ते मी अजून कुणाला विचारलेलं नाही.

चौकशी करायला आलात तर आधी काम काय ते समजून घ्या, कारण तुमच्या चेहऱ्यावरून दिसतंय की तुम्हाला ते कारकुनी वाटतं. या कंपनीत जे जे यंत्र आहे — टेबलावरचं, खिशातलं, भिंतीवर टांगलेलं — ते माझ्या नोंदवहीत. जे जे सॉफ्टवेअर आहे, त्याचं लायसन्स कुणाच्या नावावर, तो माणूस ते वापरतो की नुसताच अडवून बसलाय, ते माझ्या नोंदवहीत. आणि क्लाउडवर जे सर्व्हर भाड्यानं घेतलेत — जे दिसत नाहीत, ज्यांना स्टिकर लावता येत नाही — तेही माझ्याच नोंदवहीत. गणितात पीएचडी आहे माझी. सतरा वर्षं शिकवलं. इथे सगळे मला डॉक्टर म्हणतात, आणि सर्दी झाली की गोळी मागायला येतात — विनोद आहे तो त्यांचा, रोजचा. मी आलो तेव्हा या कंपनीला स्वतःकडे किती सर्व्हर आहेत हे माहीत नव्हतं. अंदाजे शंभर, म्हणाले. तीनशे चाळीस निघाले! कुणी कधी चालू केले, कशासाठी, पत्ता नाही. चालू करणारा नोकरी सोडून गेला, सर्व्हर आपला चालूच. असे मालक नसलेले सर्व्हर शोधायचे कसे? सांगा ना. विचारून? विचारलं की प्रत्येक जण म्हणतो, राहू द्या, लागेल.

म्हणून बोंब-परीक्षा. नाव मी दिलेलं नाही, धंद्यात चालतं. सर्व्हर बंद करायचा आणि वाट बघायची, बोंब कोण मारतो. कुणी मारली की तो मालक, त्याच्या नावावर नोंद करायची, चालू करून द्यायचा, माफी मागायची. तीस दिवस कुणी ओरडलं नाही की कायमचा काढून टाकायचा. सर्व्हरच्या खात्यात जो मेल-पत्ता सापडेल त्यावर बंद करताना एक नोटीस, पंधराव्या दिवशी दुसरी, एकोणतिसाव्या दिवशी शेवटची. याहून न्याय्य काही असेल तर मला दाखवा. दोनशे चौदा सर्व्हर काढले मी असे. दोनशे तेरांच्या बाबतीत एक माणूस तक्रार घेऊन आला नाही. मोठ्या साहेबांनी भर सभेत टाळ्या वाजवायला लावल्या. आता तेच साहेब मला जिन्यात भेटले की फोन कानाला लावतात.

हो, दोनशे चौदावा बाईंचा. रबरबाई म्हणतात त्यांना सगळे, म्हणून मीही म्हणतो. तळघरातली प्रयोगशाळा त्यांची, एकटीची. आपण गॅसच्या झडपा बनवतो — आपण म्हणजे कंपनी, तुम्ही नाही — त्या झडपेत रबराची एक कडी असते, अंगठीएवढी. ती सुकली, चिरली की गॅस गळतो. तर ती कडी किती वर्षं टिकते हे बघायला बाईंनी चाळीस कड्या लोखंडी चौकटीत दाबून ठेवल्या होत्या. नऊ वर्षं. दर आठवड्याला एकदा यंत्र प्रत्येक कडीचा दाब मोजतं आणि आकडा क्लाउडवर पाठवतं. चार मिनिटांचं काम. उरलेला आठवडा सर्व्हर झोपलेला. माझ्या यादीत काय दिसणार? वापर — शून्याच्या आसपास. मालक — रकाना कोरा, कारण बाईंनी तो कधी भरलाच नाही! हे लिहिलंत का? लिहा. रकाना भरला असता तर आज तुम्ही इथे नसता.

आकड्यांची दुसरी प्रत? आता सगळ्यांना प्रत आठवते. प्रत होती. ती त्याच सर्व्हरच्या नावावर होती, आणि सर्व्हर काढला की त्याच्या प्रती आपोआप जातात. नियम आहे तसा. कुणाचा म्हणजे? माझा. मी लिहिला. चांगला नियम आहे. कड्या आहेत अजून तळघरात, दाबलेल्या, जशाच्या तशा. पण नऊ वर्षांत त्या कशा थकत गेल्या ते आता कुणालाच — आजचा आकडा घेता येईल. मागचे कुठून आणणार? पुन्हा करायचं तर पुन्हा नऊ वर्षं. बाईंना निवृत्तीला सहा उरलीत.

तुम्ही असे बघू नका माझ्याकडे. मला वाईट वाटत नाही असं समजता काय? पण वाईट वाटणं वेगळं आणि चूक वेगळी. चूक त्यांची. तीन नोटिसा —

काय? रजेवर होत्या, हे मला कसं कळावं? हजेरी माझ्याकडे नसते. कोण आलं, कोण गेलं, कुणाच्या नवऱ्याला अर्धांगवायू झाला, हे मला कोण येऊन सांगतं? मी या खोलीत असतो.

अर्धांगवायू, हो. ऐकलं कुठेतरी. कँटीनमध्ये बोलत असतील.

लॅपटॉप? कुणाचा लॅपटॉप? बाईंचा — आहे की. तिसरी रांग, खालून दुसरा. रजेचे साठ दिवस भरले की लॅपटॉप परत घ्यायचा, आपल्याकडे — ते वहीचं पान उलटू नका. उलटू नका म्हटलं ना! ती माझी वही आहे. ...हो. माझी सही आहे. मग? कुरियर पाठवला होता, घराला कुलूप होतं, म्हणून मी स्वतः हॉस्पिटलात गेलो. साठाव्या दिवशी. नियम म्हणजे नियम, तो रजा घेणाऱ्याच्या सोयीनं वाकवायचा असेल तर नियम कशाला? दोन बस बदलून गेलो मी, या गुडघ्यांनी. हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर, व्हरांड्यात बाकावर बसल्या होत्या. लॅपटॉप पिशवीत होता, दिला त्यांनी लगेच, कुरकूर नाही. म्हणाल्या, तसाही मेल उघडतच नाही, डॉक्टर, दोन आठवडे झाले. मी म्हटलं, बघतो.

बघितलं नाही. बघायचं काय होतं त्यात? मलाच ठाऊक होतं का उघडत नाही ते. पंचेचाळीस दिवस मेल वापरला नाही की लायसन्स काढून घ्यायचं, ज्याला गरज आहे त्याला द्यायचं. मीच काढलं होतं. यादीतलं सत्ताविसावं नाव. तुम्ही असं काय लिहिताय भराभरा? मी काही गुन्हा सांगत नाहीये, मी पद्धत सांगतोय.

बरं, ऐका, आता निघालंच आहे तर एक गोष्ट — नाही, ही लिहू नका. पेन खाली ठेवा. मागच्या वर्षी वार्षिक तपासणीला मी तळघरात गेलो, त्या लोखंडी चौकटीला स्टिकर लावायला. सगळ्या यंत्रांना लावतो. बाई आडव्या आल्या. हात लावू नका, म्हणाल्या, तुमच्या हाताच्या उबेनंसुद्धा आकडा हलतो. दारात पाच-सहा जण उभे होते. मी म्हटलं, बाई, मोजदाद आहे. तर म्हणतात कशा — डॉक्टर, तुम्ही किती आहेत ते मोजता, मी किती टिकतील ते मोजते. तुमचं काम उद्या कुणीही करेल. सगळे हसले. बाईसुद्धा हसल्या. वाईट हेतूनं नसतील हसल्या, मला आता वाटतं. पण घरी येऊन मी तीन दिवस तेच चघळत होतो. कुणीही करेल. आणि खरं सांगू का — मला त्यांचं म्हणणं पटलं होतं. न पटणाऱ्या गोष्टीचा माणूस इतका राग धरत नाही.

म्हणून मी मुद्दाम केलं, असं म्हणायचंय तुम्हाला? म्हणा की तोंड उघडून! मीच स्वतःला विचारलंय, तुमच्याआधी, शंभरदा. प्रत्येक पायरीला नियम होता. पंचेचाळीस दिवस, मेल. साठ दिवस, लॅपटॉप. वापर नाही, सर्व्हर. कुणी माझ्याकडे बोट दाखवू शकत नाही. एकेक पायरी घ्या, तपासा, एक खिळा ढिला सापडणार नाही. फक्त सगळ्या मिळून काय झालं, तर एका बाईचं तोंड बांधलं आणि मग वाट बघत बसलो की ती ओरडते का.

नाही. असं मी म्हणालो नाही.

त्या बाकावर... त्या दिवशी बाई आणखी एक बोलल्या. मी निघालो होतो. त्या म्हणाल्या, डॉक्टर, ती दर आठवड्याची नोंद आपोआप होते, तेवढी चालू राहू द्या बरं का. एवढंच. आतून नर्स हाक मारत होती, त्या उठत उठत म्हणाल्या. आणि मी काय म्हणालो सांगू? मी म्हणालो, चार्जर कुठे आहे? पिशवीत चार्जर नव्हता. माझ्या फॉर्मवर दोन चौकोन असतात, लॅपटॉप आणि चार्जर, आणि दुसरा रिकामा राहत होता. त्या परत आत गेल्या, नवऱ्याच्या खाटेमागच्या प्लगमधून काढून घेऊन आल्या. बायकोला संध्याकाळी सांगितलं मी हे. ती भाजी चिरत होती, थांबली. म्हणाली, चार्जर मागितलात? आणि पुन्हा चिरायला लागली. त्यानंतर पाचव्या दिवशी माझ्या यादीत तो सर्व्हर आला, आणि मी — ओळखला? ओळखला नाही. कदाचित ओळखला. नावात 'कडी' होतं, साहेब. कडी-एक. आता तुम्हीच ठरवा, पीएचडी झालेल्या माणसाला ते ओळखता येतं की नाही.

पाणी? नको. तुमच्या हातचं तर नकोच. तुम्ही इथे आज यायलाच नको होतं. मी फोनवर तुम्हाला स्वच्छ सांगितलं होतं, उद्या या, आज मोजणी आहे. कसली मोजणी? आज काहीच नव्हतं. नोटिसा परत आल्या होत्या. तिन्ही. पाठवल्यापासून मिनिटाच्या आत — हा पत्ता अस्तित्वात नाही. यंत्राला लाज नसते, सरळ सांगतं. मी तीनही वेळा वाचलं, तीनही वेळा बाजूला सरकवलं आणि नोंदवहीत लिहिलं: नोटीस दिली. दिली, हे खरंच आहे ना? पोचली, असं मी कुठे लिहिलंय? तर अशी परत आलेली पत्रं आपली मेलयंत्रणा नव्वद दिवस ठेवते, मग पुसून टाकते. पहिली दोन गेली. तिसरं उद्या सकाळी जाईल. मग माझ्या वहीत 'दिली' एवढंच उरेल, बाईंकडे काहीच उरणार नाही, आणि सोमवारी तुमच्या त्या चौकशीच्या बैठकीत निष्काळजीपणाचा ठपका ठेवून त्यांना घरी बसवतील. साधं होतं. मला फक्त एक दिवस गप्प बसायचं होतं. सतरा वर्षं वर्गात बडबडलो, त्यापायी ही सवय.

उठू नका. संगणकाच्या पडद्याला हात लावू नका, तुम्हाला सापडायचं नाही ते, मी कुठल्या कप्प्यात ठेवलंय हे मलाच — थांबा. थांबा म्हटलं ना. हे बघा. वरती तारीख आहे, पाठवणारा मी, खाली ते वाक्य. आता बाहेर जाऊन मी कबूल झालो वगैरे सांगू नका. मी काहीही कबूल केलेलं नाही. तुम्ही छापील पुरावा मागितलात, मी खात्याच्या नियमाप्रमाणे दिला, बस्स. आणि बाईंना माझा निरोप सांगू नका. कसलाच नाही. माफी-बिफी तर नाहीच — ती घेऊन त्या काय करणार, चौकटीत दाबून ठेवणार?

दाराशेजारी प्रिंटर आहे. एकच पान येईल. आलं का? वाचत उभे राहू नका. नाही — माझ्या हातात नका देऊ ते! माझ्या हातात देऊ नका, साहेब. उचला आणि चालू पडा.