एका तासाचा नोकरदार

नाही, पण मला एक सांगा, माणसानं विश्वास ठेवायचा तरी कोणावर? सरकारच्या आकड्यावर, की दुपारी बारापर्यंत दिवाणावर लोळणाऱ्या माझ्या भाच्यावर? आकडा म्हणतो, ‘तुमच्या वस्तीत बेकारी झपाट्यानं घटली’... आणि भाचा कूस बदलून म्हणतो, ‘मामा, पंखा जरा वाढवा की!’ आता घटली तर ही दिवाणावर काय पसरलीय?

तुम्हाला सांगतो, मी साधा दुकानदार माणूस. खिळे, कुलपं, नळाच्या तोट्या, वायरीची भेंडोळी, रंगाचे डबे, एवढाच माझा संसार. शाळेनं मला लवकर सोडलं, म्हणजे मी तिला सोडलं असं घरात सांगतात. पण मोजायला मी गल्ल्यावर बसून शिकलो. आता आमच्या धंद्यात एक रीत असते, दुकान भरलेलं दिसावं म्हणून वरच्या फळीवर रिकामे खोके रचून ठेवायचे. सगळेच ठेवतात, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण वर्षाअखेरीला माल मोजताना ते खोके कोणी मोजतं का हो? मोजले तर तो दुकानदार दुसऱ्याला नाही, स्वतःलाच फसवतो! एवढं मला खिळे विकणाऱ्याला कळतं...

तर भाचा. आम्ही त्याला प्रोफेसर म्हणतो, कारण दोन वर्षांचा असताना आजोबांचा चष्मा लावून पेपर उलटा धरून बसायचा. पुढे दोन पदव्या घेतल्या, पेपर सुलटा धरायला लागला, आणि त्यातल्या नोकरीच्या जाहिराती वाचता वाचता वय निघून चाललं. वडील नाहीत, म्हणून ताई आणि तो माझ्याकडेच राहतात. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. जीभ कडक, काळीज लोण्याचं.

एक दिवस मी दुकानात असताना घरी मोजणीवाला आला. बेकारी किती, ते मोजायला! ताईच्या शेजारी समोरची बाई बसलेली, तीच जिचे दोन्ही मुलगे ‘चांगल्या जागी’ असतात. कुठल्या, ते कोणी विचारायचं नाही. मोजणीवाला विचारतो, ‘घरात कोणी रिकामं बसून आहे का?’ आता समोरच्या बाईपुढे ताई काय सांगणार? ‘अगंबाई, रिकामं कशाला बसेल? मामाच्या दुकानात असतो ना माझा मुलगा!’

‘गेल्या आठवड्यात निदान एक तास तरी काम केलं का?’

‘एक तास? चांगलं तासभर बोल्ट निवडत होता!’

केलं होतं हो! खोटं नाही! घरची वीज गेली म्हणून प्रोफेसर फोन चार्ज करायला दुकानात आले होते. एका गिऱ्हाइकाच्या धक्क्यानं बोल्टचा डबा सांडला, तर म्हणाला, ‘मामा, मी निवडतो.’ निवडले. आट्यांच्या मापाप्रमाणे नाही, चकाकीप्रमाणे! चकचकीत एका डब्यात, मळकट दुसऱ्यात. दुसऱ्या दिवशी मी बसलो परत निवडत. आता सांगा, काम त्यानं केलं की मला लावलं? पण तेवढ्या तासावर प्रोफेसर झाले नोकरदार!

आणि पंधरवड्यात आलं सरकारचं नवं रोजगार धोरण. चौकात हा एवढा फलक, ‘प्रत्येक हाताला काम’. वीजदुरुस्तीचं प्रशिक्षण, शिकताना विद्यावेतन, आणि शिकून झालं की थेट नोकरी. अट काय? माणूस बेकार हवा. म्हटलं, या विषयात आमच्या मुलाचा पहिला नंबर! वयाची अट होती, तीत तो याच वर्षापुरता बसत होता. पुढच्या वर्षी फाटक बंद.

खरं सांगतो, तो मुलगा त्या दिवशी सहाला उठला! आमच्या हिला वाटलं, आजारी आहे. शर्टाला स्वतः इस्त्री केली. मला म्हणाला, ‘मामा, या वेळी होईल असं वाटतंय.’ तोंडावर इतका उजेड मी त्याच्या निकालाच्या दिवशीही पाहिला नव्हता...

गेलो दोघं कचेरीत. खिडकीतल्या बाईंनी नाव टाकलं, संगणकाच्या पडद्याकडे पाहिलं. ‘हे तर नोकरीला आहेत.’

‘कोण?’

‘हे!’

भाच्यानं मागे वळून पाहिलं हो! त्याला वाटलं, मागे कोणीतरी उभा आहे!

मी म्हटलं, ‘बाई, हा बेकार आहे, मी साक्षीला आलोय. रोज दुपारी बाराला उठतो.’ बाई गोड हसल्या. ‘काका, मी विश्वास ठेवेन, पण मशीन ठेवत नाही.’ ऐका! यांचा मशीनवर विश्वास, मशीनचा ताईवर विश्वास, आणि समोर जिवंत उभ्या माणसावर कोणाचाच नाही! मग सांगा, विश्वास ठेवायचा कोणावर?

‘मग याला बेकार कसं करायचं?’

‘सोपं आहे. तुम्ही कामावरून काढल्याचं लिहून द्या.’

‘अहो, लावलाच नाही, तर काढू कसा?’

‘मग आधी लावा.’

‘लावून काढू?’

‘हां, लावा आणि काढा.’

आता सरकारी खिडकीतून आलेला सल्ला! आणि बाई इतक्या आपुलकीनं बोलल्या की मी चहाचं विचारलं. तिथल्या तिथे भाच्याला रीतसर कामावर लावला, शिक्का, अंगठा, फोटो, सगळं. फोनवर लगेच संदेश, ‘अभिनंदन! राष्ट्राच्या रोजगारनिर्मितीत आपण सहभागी झालात!’ मला तर गहिवरूनच आलं.

मग ‘आता काढतो’ म्हटलं, तर बाई म्हणाल्या, ‘काढण्याची खिडकी पलीकडे.’ पलीकडे एक तरुण साहेब. ‘काढायचाय? नव्यानं लावलेला माणूस वर्षभर काढता येत नाही. कामगाराला संरक्षण आहे.’

‘पण त्या बाई म्हणाल्या...’

‘त्या लावण्याच्या खिडकीवर आहेत. काढण्याचं त्यांना काय माहीत?’

बरं, भाचा हुशार! म्हणाला, ‘साहेब, मी राजीनामा देतो.’ साहेबानं त्याच्याकडे असं पाहिलं, जसं भरल्या ताटावरून कोणी उठतंय. ‘आपणहून नोकरी सोडणाऱ्याला ही योजना नाही. ही गरजूंसाठी आहे.’

संपलं. वर्षभरानं काढता येणार, आणि तोवर वय गेलेलं! मी हात जोडले, आवाज चढवला, परत हात जोडले. साहेब म्हणाले, ‘काका, मी काय करू, मी पण कंत्राटी आहे.’ त्यावर कोणाशी भांडणार? येताना भाचा माझ्यापुढे चालत होता. इस्त्रीचा शर्ट, आणि मान खाली... मी म्हटलं, ‘अरे, भजी खायची का?’ तर म्हणतो, ‘नको मामा, दुकान उघडायचंय ना?’

घरी ताई पदरानं डोळे पुसत बसली. ‘मी आपली लाजेपोटी बोलले रे... त्या बाईसमोर कसं सांगू?’ नंतर कळलं, गल्लीत प्रत्येक दारात हेच झालं. कोणाचा मुलगा मामाच्या दुकानात, कोणाचा काकाच्या, कोणाचा मित्राच्या धंद्यात भागीदार. त्या समोरच्या बाईचे दोघेही घरीच असतात, मागच्या दारानं येजा करतात! अहो, बेकारी घटली नाही, लाज वाढली! आणि साहेबलोक त्याच लाजेचा आलेख काढून भिंतीवर लावतात. विश्वास ठेवायचा कोणावर, सांगा ना!

आता प्रोफेसर रोज दुकानात येतो. सांगितलेलं ऐकतो, गिऱ्हाइकाला ‘या’ म्हणतो, आटे ओळखायलाही शिकला. पण दुकान पडलं एका माणसाचं. तो कुलूप दाखवतो तेव्हा मी बसतो, मी तोटी दाखवतो तेव्हा तो बसतो, आणि गिऱ्हाईक नसलं की दोघं मिळून रस्ता बघतो. आधी घरात एक बेकार होता, आता दुकानात दोन अर्धे आहेत... आणि सरकारच्या आकड्यात दोघंही पुरते कामावर!

म्हणून हात जोडून एकच विनंती. तुमच्या दारी कोणी मोजायला आलं, तर शेजारीण बसलेली असो नाहीतर व्याही, घरी रिकामा बसलेल्याला रिकामाच सांगा. बाकी काही तुमच्या-माझ्या हातात नाही हो, हिशोब तेवढा खरा ठेवा.